डॉक्टर तिमिरेला मारतं कोण?

डॉक्टर तिमिरे कोणालाच माहीत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे. माझ्या भाचीने फोनवर शोधून पाहिलं. तिच्या ओळखीत जुनी कॉमिक्स जमवणारा कोणी एक गृहस्थ आहे, त्यालाही विचारलं. त्याने उलट कळवलं की असं पात्र नव्हतंच, तुमच्या मावशींच्या डोक्यात दोन-तीन पुस्तकांची सरमिसळ झाली असेल. सरमिसळ! मी सरकारी दवाखान्यात जन्मभर रक्ताच्या काचा तपासल्या. हिवतापाचा जंतू कोणता आणि रंगाचा डाग कोणता, हे दुर्बिणीखाली बघून मी डॉक्टरांना सांगायची, आणि हा बाबा मला सरमिसळ सांगतो. भलं मोठं टक्कल, एका डोळ्याला लहान भिंग, दुसऱ्याला पेल्याएवढं मोठं, आणि डावा हात कोपरापासून खाली काचेचा. काचेचा, म्हणून आतल्या तारा दिसायच्या. असा माणूस सरमिसळ करून कोणाच्या डोक्यात तयार होतो काय? पण पुरावा माझ्याकडे नाही. का नाही, तेच आज लिहायचं आहे, आणि लिहिताना माझं डोकं फिरणार हे मला आधीच माहीत आहे.

आमचं घर पोशेऱ्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्याच्या अगदी टोकाला होतं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, मागे उतारावर नागली आणि खालच्या खाचरांत भात. शेती सगळ्यांचीच तशी होती. आमच्या घराला आणखी एक काम होतं, ते म्हणजे बोहाड्याच्या सोंगांची डागडुजी. बाहेरच्यांसाठी सांगते: उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे बोहाडा होतो. देव, राक्षस, राजे असे एकेक मुखवटे घालून माणसं रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. मुखवट्यालाही आम्ही सोंगच म्हणतो आणि तो घालून नाचण्यालाही सोंगच. प्रत्येक सोंग एकेका घराच्या मानाचं. गणपतीचं घर ठरलेलं, रावणाचं ठरलेलं. आमच्या घराकडे नाचायचा मान कोणत्याच सोंगाचा नव्हता. आमच्याकडे फक्त मोडलेली नाकं यायची. कोणाचा कान उंदराने खाल्लेला, कोणाचा जबडा पडलेला, कोणाचा रंग उडालेला. बा त्यांना पुन्हा उभं करायचा. बोहाडा जवळ आला की आमच्या ओटीवर सगळे देव आणि राक्षस एका ओळीत वाळत पडलेले असायचे आणि कोंबड्या त्यांच्यामधून फिरायच्या.

या कामाला लागायची रद्दी. कागद पाण्यात कुजवायचा, उखळात कुटायचा, त्यात मेथीचं पीठ आणि डिंक घालून मळायचा, म्हणजे कीड लागत नाही. भात सडायच्या उखळात कागद कुटू द्यायला आय तयार नव्हती. त्यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि मग बाने सागाच्या बुंध्यातून दुसरं उखळ कोरून घेतलं. त्यामुळे त्या दिवसांत सकाळी आमच्या घरातून दोन आवाज यायचे, आयचा खणखणीत आणि बाचा पचपचीत. दोघं एकमेकांशी बोलत नसले की कुटण्याचा जोर वाढायचा, ते पाड्यावर सगळ्यांना कळायचं. घरभर मेथीचा वास. नागलीच्या भाकरीला मेथी, उडदाच्या कालवणाला मेथी, सुकटीच्या चटणीलासुद्धा मेथी. आय म्हणायची, देवांनी आमचं जेवण बाटवलं. मला तो वास अजून आवडतो. डाक्तरीण बाई मला साखरेसाठी मेथी खायला सांगतात, तेव्हा तोंडात घास घेतला की आधी ओटीच दिसते.

मी तेव्हा जव्हारला आश्रमशाळेत होते. शाळेत शिकवायचे ते मराठी आणि आम्ही घरात बोलायचो ते, यांचं नातं लांबच्या पाहुण्यांसारखं. मी वर्गात तोंड उघडलं की हसू फुटायचं. पोरी हसायच्या त्याचं काही नाही, त्या माझ्यासारख्याच डोंगरातून आलेल्या, फक्त दोन वर्षं आधी. पण गुरुजीही हसायचे, आणि पुन्हा म्हणून दाखव म्हणायचे. मला उत्तर येत असायचं. उत्तर बरोबर असायचं. ते कोणी ऐकतच नव्हतं, सगळे फक्त मी कशी बोलते ते ऐकायचे. शेवटी मी बोलायचं बंद केलं, तर प्रगतिपुस्तकात लिहिलं की मुलगी मंद आहे. तो शेरा मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

त्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा बा नुकताच जव्हारहून रद्दी घेऊन आला होता. कोणा नोकरदाराचं बिऱ्हाड हललं होतं, त्याच्या घरचा गठ्ठा. एरवी रद्दीत वर्तमानपत्रं असायची, पण या गठ्ठ्यात चित्रांची पुस्तकं होती. पिवळी पडलेली, शिवण सुटलेली, परदेशातली गोष्ट मराठीत करून छापलेली. म्हणूनच त्या टकल्या गोऱ्या माणसाचं आडनाव तिमिरे. बाने वरचा अर्धा गठ्ठा आदल्याच दिवशी पिंपात भिजत घातला होता. मी खालच्या अर्ध्यावर जाऊन पडले ते जेवायला हाक मारली तरी उठले नाही. गोष्ट अशी: डॉक्टर तिमिरे एक शोध लावतो आणि मोठ्या शास्त्रज्ञांच्या सभेत तो सांगायला उभा राहतो. सगळे हसतात. दोन पानं भरून नुसती हसणारी तोंडं. मग तो शहर सोडून डोंगरावर जातो आणि तिथे आवाज ओढून घेणारं यंत्र बांधतो. यंत्र चालू झालं की शहरातला सगळा आवाज नळ्यांतून डोंगरावर येतो आणि काचेच्या बरण्यांत भरला जातो. पुढच्या पानांवर माणसांच्या तोंडांपुढचे ते गोल नुसते मोकळे. आधी मला वाटलं छापायचं राहिलं. मग कळलं. सगळं शहर तोंड वासून ओरडतं आहे आणि एक अक्षर नाही. मी ते पान इतक्या वेळा बघितलं की घडीवर फाटलं.

गोष्टीत एक देखणा कप्तानही होता, त्याचं नाव मला आठवत नाही. तो सारखा तिमिरेला वेडा म्हणायचा. वेडा शास्त्रज्ञ, वेडा डॉक्टर, वेडा म्हातारा. माझ्या मते त्या पुस्तकात शहाणा तो एकटाच होता. तर हा कप्तान मनोऱ्यावर चढून जातो, तिमिरेचा काचेचा हात यंत्राच्या दांड्यावर आहे, तो दांडा आणखी खाली ओढला तर आवाज कायमचे जाणार, दोघं समोरासमोर, आणि पान संपलं. पुढचं पानच नाही. मी पिंपाकडे पळत गेले आणि कोपरापर्यंत हात घातला. हाताला आला राखाडी चिखल. शेवट त्या पिंपात होता. त्या लगद्यातून बाने त्या वर्षी त्राटिकेचा जबडा केला आणि आणखी दोघा-तिघांचे कान, म्हणजे डॉक्टर तिमिरेचं काय झालं ते त्राटिकेच्या तोंडात होतं आणि ती काही बोलणार नव्हती. मी रडले. आय म्हणाली, कागदासाठी कोणी रडतं का. बाला वाचता येत नव्हतं, पण उरलेली पानं त्याने हातात घेतली आणि तो माणूस बराच वेळ न्याहाळला.

याचं सोंग कर, असं मीच म्हटलं. मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते. बोहाड्यात मी एक गोष्ट लहानपणापासून पाहिली होती. गावातला अगदी कुचकामी माणूस, ज्याला कोणी चहाला बोलावत नाही, तो सोंग घालून रिंगणात आला की लोक गप्प होतात, बायका पोरांना मागे ओढतात, म्हातारे हात जोडतात. राक्षसालाही जोडतात. मला डॉक्टर तिमिरेला तसं आलेलं बघायचं होतं. सगळा गाव जमलेला आणि त्याला कोणी हसत नाही, एवढंच. बा लगेच हो म्हणाला याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं की त्याने जन्मात नवीन चेहरा केलाच नव्हता. साचे सगळे त्याच्या बापाचे, आज्याचे. तो नाकं बसवायचा, पण कोणाचं नाक कसं असावं हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघांनी माती आणली, साचा केला, मोडला, पुन्हा केला. टकलावर त्याने किती वेळ हात फिरवला म्हणून सांगू! भिंगांना बाटल्यांची बुडं घासून घेतली. काचेच्या हाताला कंदिलाची काच, आत तांब्याची तार. रंगावरून अडलं. देव तांबडे नाही तर शेंदरी, राक्षस काळे नाही तर हिरवे, एवढं त्याला माहीत होतं. हा ना देव ना राक्षस, आणि पुस्तकात रंगच नव्हता. शेवटी चुलीतली राख चुन्यात कालवून त्याने एक रंग केला, तो कशासारखाच नव्हता. आय बघून म्हणाली, अगदी आपल्या तलाठ्यासारखा दिसतो, आणि हसत सुटली. बा चिडला. मी त्याला कामावरून चिडलेलं तेवढंच पाहिलं. त्याने सोंग उचलून आत नेलं आणि वाळेपर्यंत कोणाला दाखवलं नाही.

बोहाडा ठरवायला पंच देवळासमोरच्या आंब्याखाली बसायचे. दिवसाउजेडी, जेवणं आटोपून. बायकामाणसं तिथे बसत नसत, पण गोष्ट मलाच येत होती म्हणून बा मला बरोबर घेऊन गेला. मधोमध धावजीबाबा. सगळ्यांत म्हातारे, डोळ्यांत फूल पडलेलं, आणि बोहाड्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं चालत नसे. पोलीस, फॉरेस्टचा साहेब अशी हसवायची सोंगं मधल्या वेळात येत, त्याला ते अडवत नसत. तेव्हाच मी म्हणाले असते की हे हसवायचं सोंग आहे, तर काम तिथल्या तिथे झालं असतं. पण हसवायचं नव्हतं ना! धावजीबाबांनी मुखवटा हातात घेतला, डोळ्यांनी कमी दिसे म्हणून बोटांनी सगळा चेहरा चाचपला, भिंगांवर अंगठा फिरवला आणि विचारलं, कोण हा, केलं काय यानं. मी आधी शाळेच्या मराठीत सुरू केलं, ते दोन वाक्यांत अडकलं. मग मी आमच्या बोलीत सांगितलं. आणि काय सांगू, कोणी हसलं नाही. सभा, डोंगर, यंत्र, बरण्या, सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं. एकाने विचारलं, गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाजही जातो का. मी म्हटलं, जातो. संबळवाल्याने विचारलं, संबळाचा? मी म्हटलं, संबळाचाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं मी काय बोलते ते ऐकत होती. मला वाटलं, झालं काम.

मग धावजीबाबा म्हणाले, "याला मारतं कोण?"

मी म्हटलं, पुढची पानं नव्हती. ते म्हणाले, पानांचं नाय विचारत, मारतं कोण ते विचारतो. रावणामागं राम येतो, महिषासुरामागं देवी येते. राक्षस रिंगणात आला की त्याला घालवायला कोणीतरी लागतं. घालवलाच नाही तर तो जाणार कुठं? गावातच राहणार. वर्षभर कोणाची जीभ बंद झाली, कोणाचं पोर मुकं जन्मलं, तर याचं नाव निघणार. संबळवाल्याने मान हलवली, म्हणाला, मारायची चाल वेगळी असते, कोण मारतो ते कळल्याशिवाय वाजवू काय. सगळे माझ्याकडे बघत होते. बा माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "देवी मारती म्हण ना." हळू म्हणाला, पण आंब्याखाली सगळ्यांना ऐकू गेलं. धावजीबाबांनाही गेलं, आणि ते वाट बघत राहिले. ते वाट बघत राहिले हेच मला आजही खातं. त्यांना दोन शब्द हवे होते. मी ते म्हटले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि तिमिरे नाचला असता.

मी म्हटलं, "मला माहीत नाय. कोणालाच माहीत नाय." मला खोटं बोलायचा तिटकारा होता म्हणून नव्हे. घरी मी सर्रास खोटं बोलायची. पण त्याला आधी सभेत हसले, मग वेडा म्हणाले, आणि आता मीही त्याला मारून टाकू? माझ्याच तोंडाने? ते मला जमेना. लोक म्हणतात मी हट्टी. आहे हट्टी. माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही.

धावजीबाबांनी मुखवटा बाच्या हातात परत दिला. "मंग तो अजून जिता हाये," ते म्हणाले. "जित्याचं सोंग घेत नसतात."

ते नाही म्हणाले असते, नवीन नको म्हणाले असते, पोरीचं काय ऐकायचं म्हणाले असते, तर मी भांडले असते. यात भांडायला जागाच ठेवली नाही म्हाताऱ्याने. संतापाने माझे कान तापले होते. बा सोंग धोतरात गुंडाळून पुढे चालत होता, मी मागे. उन्हाने वाट भाजत होती आणि खाली पडलेली मोहाची फुलं पायांना चिकटत होती. मला वाटलं आता हा ओरडेल, कारण इतकी मेहनत माझ्या तीन शब्दांपायी फुकट गेली होती. ओढ्याजवळ तो थांबला आणि म्हणाला, "खरंच नाय मेला तो?" मी म्हटलं, माहीत नाय बा, खरंच पानं नव्हती. तो म्हणाला, "मेला नसंल," आणि पुन्हा चालायला लागला. त्यानंतर त्याने नवीन चेहरा केला नाही. मी विचारलं तर म्हणायचा, जुन्यांचीच नाकं पुरेत. तो रागावला होता की नाही हे मला कधीच कळलं नाही. आमच्याकडे बाप असं काही सांगत नसत.

आता गंमत बघा. जे सोंग नाचलंच नाही त्याची पूजा होत नाही. पूजा नाही, म्हणून त्याला पाण्यात सोडताही येत नाही आणि देवांच्या शेजारी ठेवताही येत नाही. डॉक्टर तिमिरे आमच्या माळ्यावर उताणा पडला, आणि त्याची उरलेली पानं मी शाळेत असताना पिंपात गेली. एक कोंबडी त्याच्या डोक्याच्या आतल्या खळग्यात अंडी घालायला लागली, आणि आयला ते इतकं सोयीचं वाटलं की तिने खाली पेंढा घातला. मी सुट्टीत येऊन भांडायची, ती म्हणायची, तुझ्या डॉक्टरला काहीतरी काम मिळालं. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, खोडाळा, मोखाडा, जव्हार अशा बदल्या झाल्या. जिथे गेले तिथे रद्दीचं दुकान बघितलं. नाशिकला ट्रेनिंगला गेले तर बाकीच्या बायका साड्या बघत होत्या आणि मी जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात. एकदा त्याच पुस्तकाचा पहिला भाग सापडला, तो मला तोंडपाठ होता म्हणून तिथेच सोडला. शेवट नाही म्हणजे नाही. मनोऱ्यावर तो आणि कप्तान अजून समोरासमोर उभे आहेत. दुर्बिणीतून काच बघताना कधीकधी मला वाटायचं, एवढा बारीक जंतू मला सापडतो आणि एक पान सापडत नाही. बा गेला तेव्हा मुखवटा मी जव्हारला माझ्या खोलीवर आणला. पेंढा काढला, भिंग एक निखळलं होतं ते चिकटवलं. शेजारच्या बाई विचारतात, हा कोणता देव. मी सांगायचं सोडून दिलं आहे.

या उन्हाळ्यात नितीनचा फोन आला. हा धावजीबाबांचा पणतू, चांगला पोरगा आहे, बोहाड्याच्या कमिटीत आहे. म्हणाला, आत्या, यंदा शनिवारी दिवसाचा पण कार्यक्रम ठेवलाय, बाहेरची लोकं येतात, त्यांना काहीतरी नवीन पाहिजे. तुझ्याकडे ते चष्म्याचं सोंग आहे ना काचेच्या हाताचं, आजोबा सांगायचे, ते दे, एकदम हिट होईल. जीप पाठवतो न्यायला. इतक्या वर्षांनी! मी पटकन हो म्हणणारच होते. बा डोळ्यांपुढे आला, टकलावर हात फिरवणारा. मग मी विचारलं, त्याच्या मागून कोण येणार? नितीनला कळेना. मी म्हटलं, अरे, याला मारतं कोण? तो हसला. म्हणाला, आत्या, आता कोण विचारतंय ते! पाच मिनिटं नाचवू, लोक फोटो काढतील, मग डीजे लावू. तुला पाहिजे त्याला मारायला पाठवतो. नाहीतर कोणीच नको, तसाच बाहेर जाईल चहा प्यायला.

माझं डोकंच उठलं. त्या आंब्याखाली एका अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्याने त्याचा चेहरा बोटांनी वाचला होता, तो गावात राहिला तर काय होईल याची त्याला धास्ती वाटली होती, आणि हा त्याला चहा प्यायला पाठवतोय. मी म्हटलं, नाही मिळणार. नितीन म्हणाला, का पण आत्या, तूच तर केवढी मागे लागली होतीस म्हणे. मी म्हटलं, "तो अजून जिता आहे. जित्याचं सोंग घेत नसतात," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की ज्या धावजीबाबाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याचंच वाक्य मी त्याच्याच पणतूला ऐकवलं होतं. त्याचा मला इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती तशीच खाल्ली.